थोरल्या जावयाने अंथरलेलं कापड

थोरल्या जावयाला सासरची मंडळी ‘हेल्मेट’ म्हणायची, अर्थात त्याच्या पाठीमागे. तो मोठमोठ्या बांधकामांवर सुरक्षा अधिकारी होता आणि नोकरी काही त्याच्या अंगावरून उतरत नसे. सासूबाई स्टुलावर चढल्या की हा स्टुलाचे पाय धरून बसायचा. धाकट्या जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. तो बोलायला गोड, हसायला मोकळा, त्यामुळे सासऱ्यांच्या गळ्यातला ताईत. हेल्मेटला हे सलत होतं, पण सांगणार कोणाला?

सासऱ्यांच्या घरामागे उतार होता आणि उताराच्या तळाशी अवजारांची खोली. तिथवर जायच्या वाटेवर सासरे दरवर्षी खडी टाकत आणि दरवर्षी चिखल ती गिळून टाकी. या खेपेला हेल्मेटने पुढाकार घेतला.

“बाबा, खडीखाली जिओटेक्स्टाइल घालू. त्या कापडातून पाणी खाली झिरपतं, पण माती वर येत नाही. खडी जागच्या जागी राहते.”

“त्यापेक्षा प्लास्टिक घातलं तर?” धाकट्याने विचारलं.

“प्लास्टिकवर पाणी तुंबेल, साडूभाऊ. मग बाबांनी काय, होडी घ्यायची?”

सासरे चक्क हसले. हेल्मेटच्या विनोदाला ते पहिल्यांदाच हसले होते, आणि पुढचं सगळं रामायण त्या हसण्यामुळेच घडलं.

रविवारी सकाळी हेल्मेट कापडाचा गुंडाळा गाडीवर टाकून आला. चांगला माणसाएवढा लांब, काळाकुट्ट आणि जड. सासऱ्यांनी तोवर वाटेवरची माती उकरून सपाट केली होती आणि वळणावर, पाणी मुरायला, कमरेएवढा खड्डा खणून ठेवला होता. त्याचंही अस्तर याच कापडाचं करायचं होतं.

“थांबा, दोघं मिळून उचलू,” धाकटा बाह्या सरसावत म्हणाला.

साइटवर असा गुंडाळा कोणी एकट्याने उचलला असता तर हेल्मेटने त्याला दुपारपर्यंत भाषण दिलं असतं. पण ओट्यावर सासरे उभे होते, दारात सासूबाई होत्या, आणि मदतीला आला होता तो साडू.

“काही गरज नाही. आमचं रोजचंच आहे,” असं म्हणून त्याने गुंडाळा खांद्यावर घेतला. रोजचं वगैरे काही नव्हतं. रोज तो फक्त शिट्टी वाजवायचा.

झोकांड्या खात तो उताराच्या माथ्यावर पोचला. गुंडाळा आडवा ठेवला, बांधलेली दोरी कापली, कापडाचं टोक दोन दगडांखाली दाबलं आणि कमरेवर हात ठेवून दम खात उभा राहिला. गुंडाळ्यापुढे अडसर लावायचा राहिला. दुसऱ्या कोणाचा राहिला असता तर त्याला तो शंभर पावलांवरून दिसला असता.

गुंडाळा आधी जरासा हलला. मग जणू काही आठवल्यासारखा निघाला. उलगडत, वेग घेत, वळणाची पर्वा न करता सरळ खाली. वाटेत कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा झाला, एक बादली उडाली, आणि अवजारांच्या खोलीच्या दारावर धाडकन आदळून स्वारी थांबली. माथ्यापासून तळापर्यंत काळं कापड ताठ अंथरलं गेलं होतं. एक सुरकुती नाही!

मग सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

“अगं बाई, काय युक्ती आहे! मी म्हटलं, दिवसभर लागणार.”

“मानलं, साडूभाऊ!” धाकटासुद्धा म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

खरं सांगायची हीच वेळ होती. हेल्मेटने तोंड उघडलंही. पण सासरे म्हणाले, “अनुभव आहे हो त्याच्या हाताला,” आणि उघडलेल्या तोंडातून एवढंच बाहेर पडलं, “अंदाज लागतो थोडा.”

सासऱ्यांना आता राहवेना. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात चहाचा कप, असे ते कापडावरून पाहणी करत खाली निघाले. “गालिचाच वाटतोय की!” म्हणाले.

हेल्मेट कौतुकाने बघत होता. बघता बघता त्याची नजर वळणावर गेली. खड्डा कुठे गेला? वळणावर तर होता. आता वळणावर फक्त ताणलेलं, सपाट, निरागस कापड होतं, आणि सासऱ्यांचा उजवा पाय त्यावर पडायच्या बेतात होता.

“ए टोपी!” तो गरजला. “हलायचं नाही! पाय खाली टेकवलास तर बघ!”

साइटवर तोच आवाज सातव्या मजल्यापर्यंत पोचायचा. सासरे एका पायावर गोठले. कपातला चहा डुचमळला. आजवर त्यांच्याशी कोणी ‘अहो’ म्हटल्याशिवाय बोललं नव्हतं. सासूबाई तर भांडतानाही ‘अहो’ म्हणत.

“मला... मला म्हणतोय का हा?” सासऱ्यांनी बारीक आवाजात विचारलं.

“तुलाच! मागे हो! डावीकडे, मातीवर!”

सासरे मुकाट्याने मागे झाले. हेल्मेट धापा टाकत पोचला. जवळचं फावडं उलटं धरून त्याने त्या सपाट जागेवर दांडा टेकवला. कापड खोल खाली गेलं आणि कडेचे दगड आत घरंगळल्याचा आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला.

आता मात्र हेल्मेटच्या लक्षात आलं की आपण सासऱ्यांना काय म्हणालो. कान लाल झाले.

“बाबा, चूक माझी आहे. युक्तीबिक्ती काही नव्हती. गुंडाळा सुटला. अडसर लावला नाही, एकट्याने उचलला, आणि खड्ड्यावर कापड गेलं तेही पाहिलं नाही. साइटवर कोणी असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.”

“मग व्हा गेटबाहेर,” सासरे म्हणाले, आणि उरलेला चहा घेऊन ओट्यावर जाऊन बसले. तोंड फुगलेलं.

उरलेलं काम दोघा साडूंनी केलं. आधी खड्ड्याभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधली. मग दोघांनी मिळून कापड उलटं गुंडाळलं, प्रत्येक थांब्याला उताराच्या बाजूने दगड लावून. हातमोजे घातले. कापताना सुरी अंगापासून लांब ओढायची, हे हेल्मेटने दाखवलं. वळणावर दोन तुकडे एकमेकांवर चांगले हातभर चढवायचे, नाहीतर फटीतून माती वर येते, हेही. खड्ड्याला अस्तर लावून तो दगडांनी भरला. वारा सुटला तेव्हा एक मोकळा तुकडा उडून धाकट्याच्या तोंडावर बसला आणि तो आंधळ्यासारखा चाचपडू लागला. हेल्मेट पोट धरून हसला. मग धाकटाही आतून हसू लागला. त्यानंतर कडांवर वजन ठेवल्याशिवाय कोणी काही अंथरलं नाही. खडी ओतली तीही हळूच, कापडालगत, म्हणजे फाटू नये.

“तुम्ही बाबांना ‘ए टोपी’ म्हणालात,” खडी पसरताना धाकटा कुजबुजला. “माझी तर त्यांच्यापुढे शिंकायची छाती होत नाही. म्हणून सारखा हसतो.”

हेल्मेटने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

संध्याकाळी सासरे उतरले. काठीने खडी टोचली, वळणावर थबकले, आणि भरलेल्या खड्ड्यावरून अगदी बेताने चालत गेले. परत आल्यावर म्हणाले, “पडलो असतो तर हाड मोडलं असतं.” एवढंच. पण जेवताना त्यांनी स्वतःच्या हाताने हेल्मेटला वाढलं.

निघताना सासूबाई गाडीपाशी आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “जावईबापू, तो सकाळचा आवाज पोटातून काढायचा की गळ्यातून?”

“पोटातून, आई. पण कशाला?”

“हे रोज चिखलाचे बूट घालून घरात येतात,” त्या म्हणाल्या. “सांगून सांगून थकले मी.”

गाडी कोपऱ्यावर पोचली न पोचली तोच मागून गर्जना ऐकू आली. थरथरती होती, पण पहिल्या प्रयत्नाच्या मानाने फार चांगली.