भंते पिंपळवंडीला आले तेव्हा

एम.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं, कारण मराठीच्या जागा भरल्या होत्या. त्यात ‘जगातील धर्म’ असा एक पेपर होता. आमचे अण्णा पिंपळवंडीत कौतुकानं सांगत, “भरत देवाधर्माचं शिकतोय पुण्याला.” त्यावर कुणीतरी हमखास विचारी, “मंग काय, पूजा सांगायला येणार का आता?”

सत्त्याण्णव साल होतं. वर्गात माझ्या शेजारी श्रीलंकेहून आलेले भिक्षू सुमनसार बसत. वयानं माझ्याएवढेच, पण सगळे त्यांना भंते म्हणत, म्हणून मीही म्हणे. सर कर्माबद्दल बोलत तेव्हा ते खिडकीबाहेरच्या वडाकडे बघत हसायचे. मराठी मोडकं, पण बोलायची हौस दांडगी. माझं गाव जुन्नरकडचं आहे कळल्यावर एकदम सरसावून बसले. “लेण्या! मला दाखव ना.”

डिसेंबरात आम्ही निघालो. एस.टी. पेठला बंद पडली. दुसरी गाडी मिळून पिंपळवंडीला पोचेपर्यंत दुपारचा दीड वाजून गेला होता. आईनं, ठकूबाईनं, मासवड्या केल्या होत्या. बाजरीच्या भाकरी टोपल्यात झाकलेल्या, रश्श्याचा वास पार दारापर्यंत. पाट मांडला तेव्हा भंत्यांनी हात जोडले. बारानंतर ते पाण्याशिवाय काही घेत नसत. हे मला ठाऊक होतं, पण आईला कसं सांगावं या विचारात मी वाटभर गप्पच राहिलो होतो.

आईचा चेहरा उतरला. मला आत बोलावून म्हणाली, “आमच्या घरचं चालत न्हाई का त्यास्नी?”

“तसं नाही गं. त्यांचा नेम आहे. सकाळीच जेवतात.”

“मंग सकाळी करते की. त्यात काय लई मोठं!”

दुसऱ्या दिवशी उजाडताच आई पुन्हा चुलीपुढं. भंत्यांनी आपलं काळं पात्र पुढं केलं. मासवडीचं नाव ऐकून त्यांनी हळूच विचारलं, “मासा आहे?” आई पदर तोंडाला लावून हसली. “नावालाच हो. आत तीळखोबरं हाय.” त्यांनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं, ते संपेपर्यंत आई न सांगता हात जोडून बसली. मग ते जेवले, अगदी मन लावून.

“तुमची आई कुठं असती?” तिनं विचारलं.

“समुद्राजवळ. छोटं गाव. मी नऊ वर्षांचा होतो, विहारात गेलो. आई येते, माझ्या पाया पडते.”

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. “आई? लेकाच्या पाया?”

“हो. पहिल्या दिवशी मी खूप रडलो. आई नाही रडली.”

“तुमच्या म्होरं नसंल रडली,” आई म्हणाली. “घरी जाऊन रडली असंल.”

भंत्यांनी हातातला घास पात्रात परत ठेवला. बहुधा हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

लेण्याद्रीला आईही आमच्याबरोबर आली. ती दर वर्षी गणपतीला यायची, पण शेजारच्या लेण्यातल्या स्तूपापाशी कधी थांबली नव्हती. भंते तिथं गुडघे टेकून बसले आणि पालीत म्हणू लागले. दगडी कमानींत त्यांचा आवाज भरून राहिला. गणपतीच्या लेण्यात आल्यावर त्यांनी बाजूच्या अंधाऱ्या खोल्या दाखवल्या. “इथं आमचे भिक्षू झोपायचे. पूर्वी.”

आई आत वाकून बघत म्हणाली, “म्हंजी हे तुमचंच घर की! आन आमी तुमाला पावणं म्हणतोय.”

नारायणगावच्या स्टँडवर निरोप देताना ती त्यांच्या गालावरून हात फिरवायला पुढं झाली. ते मागं सरकले. त्यांना स्त्रियांचा स्पर्श चालत नाही, हे मी घाईघाईनं सांगितलं. आईनं मग लांबूनच हवेत हात ओवाळले आणि कानशिलावर बोटं मोडली. भंते मान खाली घालून उभे राहिले, गाडी सुटायची वेळ झाली तरी.

पुढल्या वर्षी ते मायदेशी परतले. मी गावाजवळच्याच एका कॉलेजात शिकवायला लागलो. दोन-चार वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली.

दोन हजार चारच्या डिसेंबरात टीव्हीवर त्सुनामीची ती लाट दिसली. आई टीव्हीपुढून उठेना. “त्याची आई समुद्राजवळच ऱ्हाती ना रं?” आता ती त्यांना अरेतुरे करत होती. मी विद्यापीठातून त्यांच्या विहाराचा नंबर मिळवला. फोन लागत नव्हता. संक्रांतीच्या सुमारास लागला.

“घर गेलं,” भंते म्हणाले. “पण आई आहे. त्या दिवशी पौर्णिमा होती ना. पहाटेच विहारात आली होती, टेकडीवर.”

मी आईला सांगताच तिनं रिसीव्हर हिसकावून घेतला.

“दत्तजयंती व्हती बाबा त्या दिशी! दत्तानंच राखलं तिला.”

पलीकडून ते काय म्हणतात ते ऐकायला मी कान रिसीव्हरजवळ नेला. मग त्यांचं तेच मोडकं मराठी आलं, “हो आई. असेल.”

आईनं फोन माझ्या हाती दिला, डोळे पुसले आणि अंगणात जाऊन अण्णांना मोठ्यानं सांगू लागली, “वाचली हो ती बया! देवाच्या दारात व्हती, म्हून वाचली!”