वाहनतळावरची गाडी

परदेशी यंत्रणा असलेल्या, इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांवर बंदी घालायचं विधेयक आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला त्यावर समितीपुढे तज्ज्ञ म्हणून बोलायचं होतं. अशी गाडी काय काय बाहेर पाठवते ते खऱ्या गाडीवरच दाखवावं, असं तिने ठरवलं. घरात तशी गाडी होतीच. प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे मालकाची संमती लागते. गाडी वहिनीच्या नावावर होती आणि वहिनीने हसत सही केली. गाडी रोज चालवणाऱ्या दादाला विचारावं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी तिने दिवाणखान्यात आई आणि वहिनीपुढे प्रोजेक्टर लावला, भिंतीवर नकाशा उमटवला आणि रंगीत तालीम सुरू केली.

"आमच्या वन्सं सरकारला शिकवणार," वहिनी म्हणाली. "आधी आमच्या टाळक्यात शिरू दे."

दादा नुकताच घरी आला होता. तो दारातच थबकला. "कसला नकाशा?"

"तुझ्याच गाडीचा," ती म्हणाली. "घाबरू नकोस, दंड नाही करत!"

भिंतीवर गेल्या आठवड्याचे निळे ठिपके सरकू लागले. सकाळी घरातून निघालेले ठिपके ऑफिसकडे वळलेच नाहीत. तलावामागच्या वाहनतळावर जाऊन थांबले, ते संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

"इंजिन बंद आहे," ती वर्गात शिकवावं तशी बोलत राहिली, "पण सीटखालचा सेन्सर सांगतो, माणूस आतच बसलाय."

वाक्य संपलं, आणि मग तिला त्याचा अर्थ कळला.

"ऑफिस हललं का रे तुझं?" आईने विचारलं.

"नोकरी गेली, आई. उन्हाळ्यातच."

ती घाईघाईने भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. सगळे ठिपके तिच्या अंगावर आले.

"वन्सं, बंद करा ते," वहिनी हळूच म्हणाली.

"राहू दे. उद्या हेच दाखव," दादा म्हणाला. "कायदा हवाच, मला तरी पटलं."

कोणी हसलं नाही.

समितीपुढे ती नुसती तत्त्वं सांगत राहिली. "बाई, हे सगळं हवेतलं वाटतंय," एक सदस्य कंटाळून म्हणाले. "एखादं खरं उदाहरण नाही का?"

"नाही," ती म्हणाली. विधेयक पुढच्या अधिवेशनावर ढकललं गेलं.

ती घरी परतली तेव्हा गाडी फाटकाशी उभी होती. काचा बंद होत्या. आत दादा होता आणि शेजारी वहिनी. वहिनी काहीतरी विचारत होती, तो मान हलवत होता. सगळं बाहेर पाठवणाऱ्या, गाडीतल्या मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिने नजर फिरवली आणि खाली मान घालून पायऱ्या चढली.