पाहुण्याची चाल

दोन दिवस घरी विश्रांती घेऊन तो सेटवर आला, सूटमध्ये पाय घातला आणि थबकला. आतलं अस्तर ओलं होतं.

सूट म्हणजे पाठीला चेन असलेला, करड्या रबराचा परग्रहवासी. मालिकेत त्याला सगळे ‘पाहुणा’ म्हणत, कारण तो आकाशातून आला होता आणि परत जायचं नाव घेत नव्हता. मालिकाही घेत नव्हती. पाहुणा कुणाच्याही घरात शिरायचा, तिथल्या एकाची जागा घ्यायचा आणि घरच्यांना पत्ता लागेपर्यंत चांगले चार-पाच भाग निघायचे. माणसाच्या रूपातली कामं देखण्या नटांना मिळत. खऱ्या रूपात आला की रबराच्या आत हा.

त्याचा चेहरा प्रेक्षकांनी कधी पाहिला नव्हता, पण चाल त्याची स्वतःची होती. खांदे स्थिर, गुडघा आधी, आणि टेकण्यापूर्वी पाऊल हवेत जरासं अडकलेलं. गल्लीतली पोरं त्या चालीची नक्कल करत तेव्हा तो दुसरीकडे बघायचा आणि मनातल्या मनात फुगायचा. युनिटमध्येही त्याला पाहुणे म्हणूनच हाक मारत.

“हे ओलं कसं?” त्याने बायकोला विचारलं. ती तिथल्याच शिवणखोलीत होती. सूटचे तडे चिकटवणं, अस्तर बदलणं हे सगळं तिच्याकडे.

“धुतलं मी,” ती मान वर न करता म्हणाली.

धुतलेल्या कापडाला साबणाचा वास येतो. याला घामाचा येत होता, आणि तो घाम त्याचा नव्हता. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. उन्हाळ्यात एका दृश्याच्या मधेच त्याला भोवळ आली होती. डॉक्टरकडे बायको बरोबर होती, रिपोर्ट आणायलाही तीच गेली आणि “पित्त आहे” म्हणाली. तेव्हापासून दिग्दर्शक त्याला अधूनमधून सुट्टी द्यायला लागला. “पाहुणे, तुम्ही आमचा हुकमी एक्का. जपायला नको?” त्या वेळी बरं वाटलं होतं. आता तेच शब्द उलटेसुलटे करून बघताना त्याला कळेना, हे आपल्याला जपतायत की हळूच बाजूला काढतायत?

पुढच्याच आठवड्यात खात्री पटली. घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते. पाहुणा धुरातून आपल्या मोडक्या यानाभोवती फिरला आणि त्याच्या पत्र्यावर त्याने हात ठेवला. एवढंच. पण शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने नाक ओढलं.

“दादा, काय चाललायस रे! रडवलंस.”

दादाने ते दृश्य केलंच नव्हतं. धूर त्याने पाहिला नव्हता, यानही नाही. शेवटी नाव मात्र त्याचंच आलं. त्याने मान डोलावून कौतुक घेतलं, आणि ते त्याला गिळताही येईना नि थुंकताही येईना.

पहिला संशय स्टंटवाल्यावर गेला. त्याला सेटवर माकड म्हणत, आणि तो दिसायचाही तसाच, कुठेही चढायचा. मध्यंतरी त्याने सहज म्हणून विचारलं होतं, “पाहुणे, आधी गुडघा की टाच?” सहज म्हणे! चोराच्या मनात चांदणं, ते असं. पाहुण्यांनी सापळा लावला. चालीत एक नवी लकब घातली: वळण्याआधी मान डावीकडे कलती करायची. ती सेटवर सगळ्यांदेखत मुद्दाम पुन्हा पुन्हा केली. नक्कल करणारा इथलाच असेल तर ही लकब उचलेल आणि अलगद सापडेल, असा हिशोब.

मग पुढच्या सुट्टीनंतर त्याने एडिटरला चहा पाजला आणि कच्चं चित्रण बघून घेतलं. पाहुणा वळला. मान सरळच. माकड सुटलं. पण मग पाहुणा पायऱ्यांशी आला आणि उतरण्याआधी त्याने बोटांची तीन टोकं भिंतीला टेकवली.

ही खोड सेटवरची नव्हती. सकाळी उठल्यावर त्याचा गुडघा आखडलेला असे, तेव्हा पलंगापासून मोरीपर्यंत तो अशी बोटं टेकवत जायचा. सेटवर भिंतीचा आधार घेण्याआधी त्याने जीव दिला असता. म्हणजे त्याला सकाळी अंथरुणातून उठताना पाहणारं कुणीतरी त्या रबरात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घरात माणसं तीन. त्यातला भाऊ ताडमाड उंच, बिनकामाचा आणि लग्नकार्यांत सगळ्या मामा-मावश्यांच्या नकला करून टाळ्या घेणारा. हल्ली तो इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच बाहेर पडायचा आणि विचारलं की म्हणायचा, “मुलाखत आहे.” एवढ्या मुलाखती पंतप्रधानसुद्धा देत नसेल. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, त्याने आपलीच चाल चोरावी! त्याला भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो चिडायचा.

“हा हल्ली जातो कुठे?” त्याने बायकोला विचारलं.

“कोण? भावजी?” ती ताट वाढता वाढता थांबली. “जातात कामासाठी. तुम्ही जेवा ना आधी.”

म्हणजे हिलाही माहीत आहे तर. दोघं मिळून आपल्याला फसवतायत. त्या दिवसापासून तो घरात चोरासारखा वावरायला लागला. स्वतःच्याच घरात बूट काढताना आवाज करायचा नाही, दाराआड थांबून ऐकायचं. ऐकू यायचा फक्त मिक्सर.

शेवटी तो निर्मातीणबाईंकडे गेला.

“बाई, माझ्या नावाखाली दुसराच कुणीतरी चालतोय.”

बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि न कळवता केलेली गोष्ट त्यांना खपत नसे. “माझ्या सेटवर?” त्या म्हणाल्या. “पुढच्या सुट्टीला तुम्ही माझ्याबरोबर यायचं.”

सेटवर एक नियम होता. पाहुण्याचं डोकं मानेला गोंदाने चिकटवलेलं असे. ते फक्त शिवणखोलीतल्या माणसाने, तेल लावून, हळूहळू सोडवायचं. ओढलं तर कातडी निघते. हा नियम त्याने स्वतः नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवला होता. त्या दिवशी बाईंबरोबर आत शिरताच त्याला दिव्यांच्या झोतात आपली चाल समोरून येताना दिसली, आणि नियम, कॅमेरा, दिग्दर्शकाचं “पाहुणे, थांबा!” यातलं काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. तो शॉटमध्ये घुसला आणि दोन्ही हातांनी डोकं उपटलं.

“भाऊ म्हणून सोडणार नाही!”

आत बायको होती.

केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद, आणि हनुवटीखाली सोललेल्या पट्ट्यावर रक्ताचे थेंब. भाऊ बिचारा त्या वेळी खरोखरच मुलाखतीला बसला होता.

“झालं समाधान?” ती धापा टाकत म्हणाली.

“तू?”

“मग कोण? डॉक्टर म्हणाले, सूटमध्ये पुन्हा असे तापलात तर हृदयाला झेपणार नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतं? आणि इथे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. दिग्दर्शकसाहेबांच्या हातापाया पडले. धुराचं, दिव्यांचं तेवढं मी करते म्हटलं. नाव तुमचंच राहू दे.”

तो रबराचं डोकं हातात धरून उभा राहिला. महिनाभर ज्याला शिव्या घातल्या ते माणूस त्याचं आजारपण अंगावर घेऊन चाललं होतं, आणि ते गुपित त्यानेच बाईंना हाताला धरून आणून दाखवलं होतं.

“हृदय?” निर्मातीणबाई म्हणाल्या. “मग पाहुणे, तुम्हाला मी यात पुन्हा पाऊल ठेवू देणार नाही. उद्या काही झालं तर?” दिग्दर्शक खाली बघत होता. बाई बायकोकडे वळल्या. “यानाजवळचा तो प्रसंग तुमचा?”

“हो.”

“त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी आजवर कशावरच आली नाहीत. पुढे कायमचं कराल? तुमच्या नावाने?”

त्याला वाटलं, ती आता आपल्याकडे बघेल. नजरेने विचारेल, निदान जरा अडखळेल. बघितलं असतं तर तो मान हलवणारच होता. त्याने चेहरासुद्धा तसा तयार केला, मोठ्या मनाचा. घरासाठीच केलं ना तिने सगळं? तिने रबरी हाताने मानेवरचं रक्त टिपलं आणि पाठ ताठ केली.

“करीन,” ती म्हणाली.

आणि म्हणण्याआधी तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.