नगाऱ्याचं उत्तर

निजामाच्या दप्तरात थोरवाडी आणि धाकवाडी मिळून मौजे एकच. पण मधल्या टेकडीमुळं दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात बघायची. रोज तिन्हीसांजेला दोन्हीकडच्या बसवण्णांच्या देवळात नगारे झडायचे. ज्याचा हात आधी थांबेल ते गाव हरलं. थोरवाडीचा नगारा कल्याणप्पाचा. पोटची शिवकांता धाकवाडीत दिली, तसा तो जास्तच ईर्ष्येनं बडवायचा. "पोर दिली, मान न्हाय दिला," म्हणायचा. काय म्हणावं असल्या मानाला!

उन्हाळ्यात एकदा नळदुर्गच्या बाजारादिवशी धाकवाडीचा नगारा थांबेचना. नुसता बेताल, वेड्यागत चाललेला.

"ताल सुटला रं त्यांचा!" कल्याणप्पा हसला आणि त्यानं दुप्पट जोर लावला. तळहाताला फोड आले तरी हटला नाही. अखेर पलीकडचा आवाज बंद पडला. थोरवाडीनं गुलाल उधळला.

मग टेकडीपलीकडं धूर दिसला.

सगळे धावत गेले. धाकवाडीची पाचटाची छपरं जळून खाक झाली होती. गडीमाणसं अजून बाजारातून परतायची होती. देवळापुढचा मांडव कोसळला होता आणि त्याखाली शिवकांता होती, हातात नगाऱ्याची टिपरी तशीच.

तिची सासू इरम्मा कल्याणप्पाकडं बघत राहिली.

"म्या लई हाका मारल्या, मांडव पेटलाय, बाहीर ये म्हनून. तर म्हनली, अप्पांचा नगारा वाजतूय न्हवं? म्हंजी त्यास्नी कळलंय. येतीलच."