पाचव्या दिवसाची पट्टी

योगिनीचा उजवा पाय जन्मापासून डाव्याहून जाड आणि लांब. त्यावर जांभळे डाग, फुगलेल्या शिरा. ती त्याला दादा म्हणते. "दादा मोठा आहे ना, त्याला दोन उशा दे."

मुंबईच्या डॉक्टरबाईंनी मला समजावलं होतं. रक्त गोठायला जे लागतं, ते त्या पायाच्या शिरांतच खर्ची पडतं. म्हणून जखम झाली की रक्त थांबत नाही. सोमवारी घोट्यावरचा फोड फुटला. मुरबाडला नेऊन पट्टी बांधून आणली. बाईंनी फोनवर दोनदा सांगितलं, "पाच दिवस सोडायची नाही, भिजवायची नाही."

मी नेमाचे दिवस मोजते तसा सोमवारही धरला. शुक्रवार पाचवा, म्हणजे पट्टी सोडायचा. माझ्या उपासाचा अकरावा, शेवटचा शुक्रवारही तोच, आणि देवीचा दिवा योगिनीच्या हातून लावायचा होता. रक्ताची पट्टी घेऊन तिला देवापुढे कशी बसवू? अंघोळीला बसवून पट्टीवर कोमट पाणी ओतलं. पट्टी सुटली. तिच्याबरोबर खपलीही.

"आई, दादा परत रडतोय."

रक्त न थांबता वाहत राहिलं. मी पाय वर धरून घोट्यावर धुतलेलं फडकं दाबलं. यांनी बाईंना फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"दाबून धरा. हात काढून बघू नका, बघितलंत की पुन्हा सुरू होईल. आणि लगेच मुरबाडला निघा." मग म्हणाल्या, "अहो, आजचा दिवसही पट्टी ठेवायची होती."

सुनिलभावजींनी जीप काढली. योगिनी मागच्या सीटवर आडवी, तिचा पाय माझ्या खांद्याला टेकलेला. वैशाखरे मागे पडलं. माझ्या तळहाताखाली ओलं लागत होतं. अंघोळीचं पाणी की रक्त, कळेना.

"तू पाणी पण नाय प्यायलीस," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दिवा लावल्यावर पिईन."

"मग मला लवकर घरी ने."

देवीचं नाव घ्यायला गेले तर ओठ हलेनात. मनात एकच हिशेब चालला होता, सोम, मंगळ, बुध, गुरू.

पुढून यांनी मान वळवली. "थांबलं का गो?"

"माहीत नाय," मी म्हटलं. "हात काढायचा नाय."

टोकावड्याच्या वळणावर फडकं माझ्या बोटांना गरम लागलं. मी आणखी जोरानं दाबलं.