पूर्णेत गेलेली फाइल

मित्रांनो, मी माणसाच्या पेशीतले एक जुने जनुक आहे. इतके जुने असूनही मला धड नाव नाही. दोन अक्षरे आणि एक आकडा, एवढीच माझी ओळख. पेशीतला कचरा बाहेर काढायला मी मदत करते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अंदाजच! मलाही माझे काम पुरते ठाऊक नाही.

हिवरखेडच्या एका घरात माझ्या रासायनिक मजकुरातले एक अक्षर चुकलेले आहे. पार्वताबाईंच्या वडिलांपासून ते चालत आले. प्रत्येकात माझ्या दोन प्रती असतात. एक चांगली असली की भागते, म्हणून कोणाला कळले नाही. पुढे पार्वताबाईंनी आपल्या अमोलसाठी हौसेने भावाची मुलगी आरती सून करून आणली. मामाची मुलगी करायची रीतच आहे. अमोल आणि आरती, दोघांकडूनही चुकलेलीच प्रत त्यांच्या मुलाला, अंकुरला मिळाली. आधी त्याचे पाय गळाले, मग श्वास. सातव्या वर्षी तो गेला आणि खापर आरतीच्या डोक्यावर फुटले.

"तुह्या पोटातच खोट हाय," पार्वताबाई म्हणायच्या. मी त्यांच्याही रक्तात होते, पण मला तोंड कुठे आहे?

आता त्याची पाच वर्षांची बहीण आकांक्षा चालता चालता पडते, आणि आरतीला तिसरा महिना आहे. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "मुलीच्या रक्तात एका जनुकाचा दोष आहे, पण त्यानंच आजार होतो हे पक्कं नाही. अंकुरमध्येही तोच निघाला, तर पोटातलं बाळ तपासता येईल. तो आजारी असताना तपासणी शिबिरात घेतलेलं त्याचं रक्त नंबरावर जपलेलं असेल. नंबर फाइलीत आहे, ती आणा."

अमोलने कपाट उपसले. "माय, अंकुरची फाइल कुठी हाय?"

पार्वताबाई दारातूनच म्हणाल्या, "दहाव्याले त्याच्या कपड्यासंगं पूर्णेत सोडली मी. गेलेल्याचं घरात ठिवत नाई, बापा."

नंबराशिवाय अंकुरचे रक्त सापडेना, त्यामुळे पोटातल्या बाळाची तपासणी राहूनच गेली. पुढे डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. पार्वताबाईंच्या अहवालात मी सापडले, तेच चुकलेले अक्षर घेऊन. त्या दिवसापासून त्या सुनेला टोचून बोलत नाहीत. आकांक्षाचे पाय मात्र तेलाने चोळत बसतात.

मित्रांनो, मला फार वाईट वाटते. गेलेल्या लेकराचे कपडे नदीत सोडा, पण त्याचे कागद ठेवा. आणि आईला बोल लावू नका.

आरतीचे बाळ दिवाळीत येईल. माझ्या कोणत्या प्रती त्याच्या वाट्याला आल्या, हे मला ठाऊक आहे. तिला सांगायचे कसे, ते ठाऊक नाही.