मूठ आली, बोटं राहिली

मी एक रबरी चेंडू बोलतोय. मैदान कसं असतं ते मला ठाऊक नाही. औषधाच्या दुकानातून मी थेट एका बाईच्या उजव्या मुठीत आलो.

ही बाई दुकानांच्या पाट्या रंगवायची. तिच्या अक्षराला तोड नव्हती म्हणे. एका सकाळी रंग कालवताना ब्रश हातातून गळला आणि पाठोपाठ तीही कोसळली. पक्षाघात! उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली.

सुरुवातीला सगळं घर माझ्यामागे लागलं. "दाब गं, आणखी जोरात दाब!" सासूबाई म्हणायच्या. नवरा तिचं एकेक बोट माझ्याभोवती मिटवायचा. मला वाटलं, काय माया आहे या घरात! तिचा हात नुसताच थरथरायचा. मी निसटून पलंगाखाली पळायचो आणि ती रडकुंडीला यायची. तरी तिने हट्ट सोडला नाही. एक दिवस तिने मला असं चेपलं, की माझा जीव घुसमटला. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मूठ आली. आता बोटं सुटी व्हायला हवीत. मुळीच खंड पाडू नका."

त्याच आठवड्यात तिने भांडी घासली, मग फरशी पुसली. आणि नवऱ्याने त्या बाईंना फोन करून सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

"बोटं... नाही वळत अजून," ती अडखळत म्हणाली.

"घरातलं सगळं करतेस की! आणखी काय हवंय?"

"अक्षर."

"आता काय पुन्हा शिडीवर चढणार आहेस?" तो हसला. अगदी प्रेमाने हसला, आणि तेच मला जास्त झोंबलं.

परवा घरात कुणी नसताना तिने ब्रश हातात घेतला. एकच अक्षर काढलं. त्याचा काना दारुड्यासारखा कलंडला. तिने ते फडक्याने पुसलं आणि भाजी चिरायला बसली.

काल पाहुणे आले. "आमची सून ठणठणीत झाली हो, अगदी पहिल्यासारखी!" सासूबाई कौतुकाने सांगत होत्या. ती चहा घेऊन आली, आणि हसली.

मी आता कपाटाखाली धूळ खात पडलोय. माझं एकच मागणं आहे. माणूस बरं झालं का, हे त्याच्या घरच्यांना विचारू नका. त्यांचं अडायचं थांबलं, की त्यांच्या लेखी दुखणं संपतं. त्यालाच विचारा. आणि उत्तर द्यायला ते अडखळलं, तर तेवढा वेळ थांबा.